पत्तावहीचे स्थलांतर: नावे पोहोचतात, नाती मागे राहतात

घर बदलताना माणूस सामान मोजतो. गाद्या किती, डबे किती, पुस्तकांची खोकी किती. नव्या घरात मोजणी जुळली की तो सुटकेचा श्वास टाकतो. ईमेलचे सॉफ्टवेअर बदलतानाही आपण असेच वागतो. जुन्या संगणकावर आठशे कॉन्टॅक्ट होते, नव्यावर आठशे आले, म्हणजे काम फत्ते. काही आठवडे गेले की मात्र चुकल्यासारखे वाटू लागते. सगळी नावे जागेवर आहेत, फोन नंबर आहेत, पण कोण कोणाचा, कशासाठी आणि कधीपासूनचा, हे सांगणारे काहीच उरलेले नाही.

समजा, गरजू मुलामुलींना शिष्यवृत्ती देणारी एक छोटी शिक्षण संस्था आहे. तिचे देणगीदार काही रत्नागिरी-रायगडात, काही मुंबईत, काही आखाती देशांत. चिटणीसांनी पंधरा वर्षे सगळा कारभार एकाच ईमेल सॉफ्टवेअरमध्ये सांभाळला. कोणत्या देणगीदाराने कोणत्या मुलीच्या फीची जबाबदारी घेतली, कोणाची ओळख कोणी करून दिली, शेवटचे बोलणे काय झाले, हे सगळे त्या त्या कॉन्टॅक्टला जोडलेले होते. संगणक बदलला, नावांची फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली आणि पंधरा वर्षांचे संबंध एका दुपारी नाहीसे झाले. नोंदी एकही गेल्या नाहीत. नोंदींच्या मधले धागे गेले.

हे धागे का तुटतात, याचे उत्तर एखाद्या बटणात शोधून मिळत नाही. त्यासाठी चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. संगणकाच्या जगात 'ही नोंद म्हणजे नेमकी कोणती?' या प्रश्नाला वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे दिली गेली. प्रत्येक उत्तराची किंमत पुढच्या पिढीने स्थलांतराच्या वेळी मोजली.

खाते पान

हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. ज्यांनी दुकानाचा हिशेब पाहिला आहे त्यांना रोजकीर्द आणि खतावणी माहीत असते. रोजकीर्दीत व्यवहार तारखेनुसार लिहायचे आणि खतावणीत प्रत्येकाच्या खात्यावर चढवायचे. रोजकीर्दीत एक अरुंद रकाना असतो. त्यावर 'खा. पा.' लिहिलेले असते, म्हणजे खाते पान. हा व्यवहार खतावणीच्या कितव्या पानावर चढवला, ते त्यात लिहायचे. दोन वह्यांना बांधून ठेवणारा धागा तो एवढाच.

आता खतावणी फाटली म्हणून मुनीमजींनी ती नव्या वहीत उतरवून काढली, असे समजा. सगळी खाती आली, सगळ्या रकमा आल्या. पण जे खाते जुन्या वहीत ४२ व्या पानावर होते ते नव्या वहीत १७ व्या पानावर गेले. रोजकीर्दीत मात्र अजून ४२ लिहिलेले आहे. त्या पानावर गेलात तर भलत्याच गिऱ्हाईकाचे खाते दिसेल किंवा कोरे पान दिसेल.

ईमेल सॉफ्टवेअरमधली बहुतेक पडझड या ४२ आणि १७ च्या गोष्टीत येते. दुवा माणसाला बांधलेला नसतो, माणसाच्या जागेला बांधलेला असतो. जागा बदलली की दुवा अनाथ होतो.

पत्रांनी हा प्रश्न आधी सोडवला

गंमत अशी की ईमेलच्या पत्रांपुरता हा प्रश्न फार लवकर आणि फार चांगल्या रीतीने सुटला होता. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर नेटवर्कमधून पहिला संदेश पाठवला. त्यानंतरच्या दशकात पत्राचा मायना कसा असावा यावर बराच खल झाला. १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी लिहिलेला आरएफसी ८२२ हा दस्तऐवज आला आणि ईमेलच्या मथळ्याचे नियम स्थिरावले. त्यात तीन ओळी आपल्या विषयाच्या आहेत. 'मेसेज-आयडी', 'इन-रिप्लाय-टू' आणि 'रेफरन्सेस'.

सरकारी कचेरीचे पत्र पाहिलेल्या कोणालाही या तीन ओळी ओळखीच्या वाटतील. पत्रावर जावक क्रमांक असतो. उत्तर देणारा वर 'संदर्भ' असे लिहून 'आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक अमुक' अशी नोंद करतो. मेसेज-आयडी म्हणजे जावक क्रमांक. इन-रिप्लाय-टू आणि रेफरन्सेस म्हणजे ती संदर्भाची ओळ. हा क्रमांक जगात एकमेव असावा याची जबाबदारी पत्र निर्माण करणाऱ्या संगणकावर टाकण्यात आली.

या व्यवस्थेचे शहाणपण कशात होते? क्रमांक पत्राच्या आत लिहिला होता. पत्र कोणत्या कपाटात, कोणत्या फोल्डरात ठेवले आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणून वीस वर्षांपूर्वीचा पत्रव्यवहार आज एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेला तरी प्रश्न-उत्तरांची साखळी पुन्हा जुळून येते. कपाट जळाले तरी पत्रावरचा जावक क्रमांक पत्राबरोबरच प्रवास करतो.

कपाटाचा क्रमांक वापरणारी व्यवस्था शेजारीच होती. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आयमॅप नावाची पद्धत रचली. पत्रे सर्व्हरवरच ठेवून दुरून वाचायची ही सोय आजही आपण रोज वापरतो. यात प्रत्येक पत्राला त्या त्या फोल्डरपुरता एक क्रमांक मिळतो. फोल्डर बदलला की क्रमांक बदलतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. या पद्धतीच्या मूळ नियमांत 'हलवणे' ही क्रियाच नव्हती. पत्र हलवायचे तर आधी नव्या फोल्डरात त्याची नक्कल करायची, मग जुन्यावर 'रद्द' अशी खूण करायची आणि शेवटी ते पुसून टाकायचे. हलवण्याची वेगळी आज्ञा प्रमाणित झाली ती २०१३ च्या जानेवारीत. म्हणजे आपल्याला माउसने उचलून ठेवल्यासारखे जे दिसत होते ते खरे तर नक्कल करून मूळ प्रत नष्ट करणे होते. स्थलांतराच्या प्रत्येक चर्चेत ही गोष्ट लक्षात ठेवावी. संगणकात हलवणे बहुतेक वेळा जन्म आणि मृत्यूची जोडी असते. नव्या नोंदीला जुन्या नोंदीची ओळख वारशाने मिळतेच असे नाही.

माणसाची ओळख की माणसाचा हुद्दा?

पत्रांना क्रमांक मिळाले, माणसांचे काय? माणसांची सूची कशी ठेवावी यावर दूरसंचार आणि प्रमाणीकरण क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी १९८८ मध्ये एक्स-५०० नावाचे मानक आणले. ते अवजड होते. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील टिम हाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे हलके रूप मांडले, ते म्हणजे एलडॅप. आज मोठ्या कचेऱ्यांतील आणि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांच्या सूचींमागे बहुधा हीच पद्धत किंवा तिचे वंशज असतात.

या पद्धतीत माणसाची ओळख म्हणजे एक मार्ग. देश अमुक, संस्था अमुक, विभाग अमुक, नाव अमुक. गावाकडचा पत्ता लिहावा तसे, मुक्काम-पोस्ट-तालुका-जिल्हा. गटाची यादी करायची तर त्यात सदस्यांचे हे पूर्ण मार्ग लिहायचे. वरवर पाहता व्यवस्था नेटकी होती. पण माणूस लेखा विभागातून आस्थापना विभागात गेला तर? त्याचा मार्ग बदलला, म्हणजे त्याची ओळखच बदलली. ज्या ज्या गटांच्या यादीत जुना मार्ग लिहिला होता त्या सगळ्या याद्या आता अस्तित्वात नसलेल्या माणसाकडे बोट दाखवत राहिल्या. प्रत्येक यादी शोधून दुरुस्त करण्याची वेगळी सोय सर्व्हरवर करावी लागली.

अनुभवाने शहाणपण आले. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, २००० साली, प्रत्येक नोंदीला मार्गाखेरीज एक कायमचा, अर्थशून्य क्रमांक मिळाला. एलडॅपच्या मानकांतही २००६ मध्ये तशी तरतूद आली. अर्थशून्य हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ओळखक्रमांकात विभाग, गाव किंवा आडनाव दडवले की ते बदलल्यावर क्रमांक खोटा ठरतो. ज्यात काहीच अर्थ नाही त्यात खोटे ठरण्यासारखेही काही नसते.

जुन्या पत्त्यावर आलेली उत्तरे

मार्गालाच ओळख मानण्याची सर्वांत प्रसिद्ध अडचण मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज वापरणाऱ्या कचेऱ्यांनी सोसली. १९९६ मध्ये एक्स्चेंज सर्व्हर बाजारात आला तेव्हा त्याची सूची एक्स-५०० च्या धाटणीची होती. कचेरीतल्या कचेरीत पत्र पाठवताना तो '@' असलेला नेहमीचा पत्ता वापरत नसे. संस्था, विभाग आणि नाव अशा मार्गाचा आतला पत्ता वापरत असे. २००० मध्ये एक्स्चेंज ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर गेला. तरी हा आतला पत्ता टाकून देता आला नाही, कारण तोवरच्या लाखो पत्रांत तोच कोरलेला होता. त्या रकान्याच्या नावातच 'वारसा' या अर्थाचा इंग्रजी शब्द जोडण्यात आला.

मग एखादी कचेरी नव्या सर्व्हरवर गेली की गोंधळ सुरू होई. सर्वांची पेटी हलली, सर्वांची पत्रे आली, नवे पत्र पाठवले तर नीट पोहोचते. पण तीन महिन्यांपूर्वीच्या पत्राला 'रिप्लाय' केले की ते परत येते. पाठवणारा चक्रावून जातो, कारण समोरचा सहकारी त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसलेला असतो आणि त्याचे नाव पडद्यावर नीट दिसत असते. नावामागे मात्र जुना मार्ग दडलेला असे. पत्ता टाइप करू लागताच सॉफ्टवेअर जी नावे आपोआप सुचवते त्यांच्यामागेही तोच जुना मार्ग असे. कॅलेंडरातल्या जुन्या बैठकांचेही तेच होई.

यावरचा उपाय फार साधा आणि मानवी आहे. नव्या पेटीला तिचा जुना आतला पत्ताही एक जास्तीचा पत्ता म्हणून जोडायचा. नव्या घराच्या दारावर जुन्या घराचा क्रमांकही लिहून ठेवायचा, म्हणजे जुन्या पत्त्याने येणारा पाहुणा परत जाणार नाही. आजही जाणकार व्यवस्थापक स्थलांतराआधी या जुन्या पत्त्यांची यादी काढून ठेवतात. स्थलांतराच्या कलेतला पहिला धडा इथे मिळतो: जुनी ओळख पुसू नये, नव्या ओळखीच्या शेजारी ठेवावी.

आउटलुकचे धागे

सामान्य माणसाच्या टेबलावर हा प्रश्न आला तो आउटलुकमुळे. १९९७ च्या सुरुवातीला आलेल्या या सॉफ्टवेअरने पत्रे, पत्ते, कॅलेंडर आणि कामांची यादी एका छताखाली आणली. आउटलुक २००० मध्ये कॉन्टॅक्टच्या कार्डावर 'ॲक्टिव्हिटीज' नावाचे एक पान आले. त्यावर त्या माणसाशी संबंधित पत्रे, भेटी, कामे आणि टिपणे एकत्र दिसत. एखादे काम किंवा भेट कोणत्या माणसाशी निगडित आहे हे आपण स्वतःही जोडून ठेवू शकत होतो. वकील, विमा एजंट, शाळांचे मुख्याध्यापक, छोट्या संस्थांचे चिटणीस यांच्यासाठी ही मोठी सोय होती.

हा धागा आत कसा ठेवला जाई, ते मायक्रोसॉफ्टने आपल्या तांत्रिक पद्धतींची कागदपत्रे २००८ पासून प्रसिद्ध केल्यावर सर्वांना वाचता आले. कामाच्या नोंदीत जोडलेल्या कॉन्टॅक्टचे नाव ठेवले जाई, त्याचा जागेवर आधारलेला क्रमांक ठेवला जाई आणि तिसरा एक 'शोध-क्रमांक' ठेवला जाई. हा शोध-क्रमांक नोंदीची नक्कल केली तरी कायम राहतो. म्हणजे रचणाऱ्यांना ४२ आणि १७ ची अडचण ठाऊक होती. जागेचा क्रमांक नोंद एका साठ्यातून दुसऱ्यात नेली की बदलतो, हे त्यांच्याच कागदपत्रांत लिहिलेले आहे.

मग धागे तुटतात का? कारण लोक नोंदी हलवत नाहीत, त्या निर्यात करतात. स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या रकान्यांची, सीएसव्ही नावाची फाइल काढायची आणि दुसरीकडे ती भरायची, हा सर्वांना शिकवला गेलेला रस्ता. त्या फाइलीत नाव, फोन, पत्ता असे दिसणारे रकाने जातात. आतले तिन्ही क्रमांक जात नाहीत. आउटलुकच्या गटांच्या याद्याही जात नाहीत. दुसऱ्या टोकाला जे जन्मते ते त्याच नावाचे नवे कार्ड, ज्याचा जुन्या कार्डाशी काही वारसा संबंध नाही. पूर्ण साठ्याची फाइल, म्हणजे पीएसटी, जशीच्या तशी उचलून नव्या संगणकावर उघडली तर पत्रे, कामे आणि कार्डे एकमेकांजवळच राहतात. एकट्या कार्डांची निर्यात केली की ती कुटुंबातून एकट्याला उचलून नेण्यासारखी होते.

छोट्या व्यवसायांसाठी मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००३ बरोबर 'बिझनेस कॉन्टॅक्ट मॅनेजर' दिला. तो आउटलुकच्या आतच दिसे. गिऱ्हाईक, त्याची कंपनी, त्याच्याशी झालेला सगळा व्यवहार यांचे धागे त्यात फार छान बांधलेले असत. पण त्याचा साठा पीएसटी फाइलीत नव्हता. तो वेगळ्या डेटाबेसमध्ये होता. पडद्यावर सगळे एकाच झाडाच्या फांद्यांसारखे दिसे, मुळे मात्र दोन ठिकाणी. पीएसटी उचलून नेणाऱ्याचा अर्धा इतिहास जुन्या संगणकातच राही. पुढे हे उत्पादनच बंद झाले. आउटलुक २०१३ मध्ये कार्डावरचे ते ॲक्टिव्हिटीज पानही नाहीसे झाले. ज्यांनी दशकभर प्रत्येक काम माणसाशी जोडून ठेवले होते त्यांची जोडणी नव्या आवृत्तीत दिसेनाशी झाली. धागा तोडावा लागला नाही, त्याला पाहण्याची खिडकी बंद करणे पुरेसे होते.

मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ताही सोपा नव्हता. थंडरबर्डची पत्तावही मॉर्क नावाच्या जुन्या, वाचायला किचकट अशा साठवणीत २०२० पर्यंत राहिली. त्या वर्षी ती एसक्यूलाइटवर गेली. थंडरबर्डमधून सीएसव्ही काढली तर मेलिंग लिस्ट हरवतात, एलडॅपच्या घराण्यातली एलडिफ फाइल काढली तर त्या सोबत येतात. एकाच मेनूतले दोन पर्याय. एकात यादी जगते, दुसऱ्यात मरते. त्या पर्यायांच्या शेजारी हे कुठेही लिहिलेले नसते.

व्हीकार्डची वाटचाल

एका कंपनीच्या पेटीतून दुसऱ्या कंपनीच्या पेटीत माणसाचे कार्ड सुखरूप जावे म्हणून ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांनी मिळून 'व्हर्सिट' नावाचा गट केला होता. व्हीकार्ड ही त्यांची देणगी. १९९६ मध्ये त्याची २.१ ही आवृत्ती आली आणि ती इतकी पसरली की जुन्या फोनमधून आजही तीच बाहेर पडते. १९९८ मध्ये इंटरनेटच्या मानक संस्थेने तिसरी आवृत्ती प्रमाणित केली आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये चौथी. त्याच महिन्यात कार्डडॅव्ह ही पद्धतही प्रमाणित झाली. फोन आणि संगणक यांच्या पत्तावह्या सर्व्हरवरून एकसारख्या ठेवणे हे तिचे काम.

व्हीकार्डमध्ये सुरुवातीपासून 'यूआयडी' नावाची एक ओळ आहे. हाच कार्डाचा जावक क्रमांक. पत्रांसाठी जे १९८२ मध्ये झाले ते माणसांच्या कार्डांसाठी इथे झाले. पण ही ओळ लिहिणे ऐच्छिक होते. म्हणून अनेक फोन आणि सॉफ्टवेअर ती लिहीतच नसत, किंवा आयात करताना जुनी टाकून नवी देत. कार्डडॅव्हने तिची सक्ती केली. चौथ्या आवृत्तीत गटाचेही कार्ड बनवता येऊ लागले. त्यात सदस्यांची नावे किंवा पत्ते लिहायची गरज नाही, त्यांचे यूआयडी लिहिता येतात. सदस्याने फोन बदलला, लग्नानंतर आडनाव बदलले, दुबईहून पुण्याला आला, तरी यादीतला त्याचा धागा शाबूत.

चौथ्या आवृत्तीने नात्यांसाठीही एक ओळ दिली. हे कार्ड त्या कार्डाशी कोणत्या नात्याने जोडलेले आहे ते तिच्यात लिहायचे. मित्र, शेजारी, सहकारी, पालक, अपत्य, भावंड, जोडीदार असे ठरावीक शब्द त्यात आहेत. 'जिच्यावर मन जडले आहे' अशा अर्थाचाही एक शब्द आहे! कारण ही यादी वेबवरील मैत्रीचे दुवे नोंदवण्याच्या २००३ च्या एका पद्धतीतून उचलली होती. पण त्यात मामा नाही, आत्या नाही. आपल्या घरातल्या खाला, फुपी, चाचा, मामू या सगळ्यांना मिळून एकच शब्द, 'नातेवाईक'. तरीही नाते हे नोंदीइतकेच जपण्याजोगे आहे, हे एका जागतिक मानकाने मान्य केले, याचे मोल कमी नाही. दुर्दैवाने ही ओळ भरू देणारी आणि पुढे नेणारी सॉफ्टवेअर थोडीच.

आपली नावे आणि संगणकाचे रकाने

ओळखक्रमांक हरवला की सॉफ्टवेअर शेवटचा आधार घेते तो नावाचा. आणि इथे आपल्यासारख्यांची पंचाईत होते.

सीएसव्ही दोनदा भरली गेली तर दुहेरी कार्डे होतात. मग 'एकसारखी नावे एकत्र करा' हे बटण दाबले जाते. आता एखाद्या तालुक्यात इब्राहीम शेख किती असतील? ज्या समाजात थोडी नावे आणि थोडी आडनावे पुन्हा पुन्हा येतात तिथे नाव ही ओळख पुरत नाही. दोन वेगळी माणसे एक होतात, एकाचा फोन दुसऱ्याच्या पत्त्याला चिकटतो. उलट, महंमद, मोहम्मद आणि मुहम्मद असे तीन वेळा तीन प्रकारे लिहिलेला एकच माणूस तीन माणसे होऊन बसतो. आपण मराठीत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहितो. पाहणारे सॉफ्टवेअर मधल्या नावाला कधी पहिल्यात, कधी शेवटच्यात ढकलते. गावाकडे आपण माणूस ओळखतो तो आडनाव, घर, मोहल्ला आणि बापाचे नाव मिळून. संगणकाला यातले काहीच ठाऊक नसते.

लिपीचा प्रश्न आणखी वेगळा. आउटलुकने २००३ पर्यंत पीएसटीत युनिकोड वापरले नव्हते. त्यानंतरही सीएसव्ही काढताना तो बराच काळ संगणकाच्या स्थानिक, मर्यादित अक्षरसंचाचा वापर करत राहिला. त्या संचात देवनागरी नसेल तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. फाइल उघडली की नावांच्या रकान्यात प्रश्नचिन्हांच्या रांगा. इथे आधार म्हणून उरलेले नावही गेले. व्हीकार्डच्या चौथ्या आवृत्तीने युनिकोडची, यूटीएफ-८ ची, सक्ती केली. मराठीत नावे ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने तिचे हे फार मोठे काम आहे.

इतिहासातून घ्यायचे ते

या सगळ्या वाटचालीतून काही साध्या गोष्टी हाती लागतात. ज्यांच्याकडे संस्थेचे किंवा घराण्याचे पत्ते आहेत त्यांनी त्या मनावर घ्याव्यात.

एकटी कार्डे हलवू नयेत. कार्डे आणि त्यांना जोडलेली पत्रे, कामे, भेटी एकत्र आणि शक्यतो मूळ साठ्यासकट न्याव्यात. निर्यात करावीच लागली तर सीएसव्हीऐवजी व्हीकार्ड किंवा एलडिफ निवडावे आणि निघालेली फाइल साध्या मजकुराच्या खिडकीत उघडून यूआयडीची ओळ आणि मराठी अक्षरे आहेत ना, ते डोळ्यांनी पाहावे. जुना ईमेल पत्ता पुसू नये, नव्याखाली ठेवावा. नावावरून कार्डे एकत्र करणारे बटण पूर्ण यादीवर दाबू नये. आणि तपासणी करताना मोजणीवर थांबू नये. आठशेचे आठशे आले हे ठीक, पण एक गट उघडून पाहावा, एका देणगीदाराच्या कार्डावरून त्याच्या जुन्या पत्रापर्यंत जाता येते का ते पाहावे, एका जुन्या पत्राला उत्तर पाठवून ते परत येत नाही ना ते पाहावे. हे जमेपर्यंत जुना संगणक भंगारात देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे नाते मात्र यंत्राच्या भरवशावर सोडूच नये. कार्डावर टिपणासाठी एक मोकळी जागा असते. तिथे साध्या मराठीत एक वाक्य लिहावे: हे गृहस्थ कोण, त्यांची ओळख कोणामार्फत झाली, त्यांनी कोणाची जबाबदारी घेतली आहे. चिटणीस बदलले, सॉफ्टवेअर बंद पडले, क्रमांक बदलले, तरी ते वाक्य नव्या माणसाला वाचता येईल. हा मजकूर पहिल्या व्हीकार्डपासून आजच्या फोनपर्यंत बहुतेक सर्व ठिकाणी सोबत जातो.

आपल्या समाजाचा अलीकडचा इतिहास लिहायला बसले की कागद सापडत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. आजच्या पिढीचे कागद ईमेलमध्ये आहेत. शाळा कोणी उभी केली, पुरात मदत कोणी पाठवली, मुलींच्या वसतिगृहासाठी कोणी कोणाला शब्द टाकला, ही सगळी माहिती नावांच्या मधल्या रेषांत आहे. पन्नास वर्षांनी एखादी अभ्यासक विद्यार्थिनी ही पत्तावही उघडेल. तिला आठशे नावे सापडली आणि एकही नाते सापडले नाही, तर तिच्या हाती मतदारयादी लागेल, इतिहास लागणार नाही. त्या रेषा जपण्याचे काम आज ज्याच्या हातात संस्थेचा पासवर्ड आहे त्याचे आहे. ते पुढच्या चिटणीसावर ढकलता येत नाही, कारण त्याच्याकडे पोहोचेपर्यंत त्या रेषा उरलेल्याच नसतील.